वाहतूक चलान, नोटीस आणि कोर्टाची तारीख : कोल्हापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

दसरा चौकातलं सिग्नलचं चलान असो, महामार्गावरचं वेगाचं असो किंवा थेट कोर्टाचं समन्स, लोक विचारतात ते प्रश्न ठरावीकच असतात. ते सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ई-चलान आलं म्हणजे मी दोषी ठरलो का?

नाही. चलान हा पोलिसांचा आरोप आहे, निकाल नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० नुसार काही गुन्हे ठरावीक रक्कम भरून जागच्या जागी मिटवता येतात. याला तडजोड म्हणतात. चलानावर दिसणारी रक्कम ही तडजोडीची असते. ती भरली की प्रकरण मिटतं. भरायची नसेल तर प्रकरण कोर्टापुढे जाऊ शकतं आणि दोषी की निर्दोष हे तिथे ठरतं. दारू पिऊन गाडी चालवण्यासारखे काही गुन्हे मात्र तडजोडीत बसतच नाहीत (प्रश्न १७).

२. माझ्या गाडीवर चलान आहे का, ते कुठे पाहू?

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक ई-चलान’ या संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ अॅपवर. गाडीचा नंबर टाका आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक द्या. दोन्ही क्रमांक आरसी बुकावर असतात. यादीत प्रत्येक चलानापुढे तारीख, वेळ, ठिकाण, कलम, रक्कम आणि बहुतेक वेळा फोटो असतो.

पैसे भरण्याआधी तो फोटो मोठा करून पाहा. गाडी तुमचीच आहे का, नंबर नीट वाचलाय का, ठिकाण आणि वेळ जुळते का, आणि जो गुन्हा लिहिलाय तो फोटोत दिसतो का, या चार गोष्टी तपासायला दोन मिनिटं लागतात. पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते.

३. व्हॉट्सअॅपवर ‘तुमचं चलान थकलं आहे’ असा मेसेज आलाय, सोबत एक फाइल आहे. उघडू का?

उघडू नका. चलानाच्या नावाखाली शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल पाठवणं हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. फाइल मोबाइलवर बसली की ओटीपी आणि बँकेचे मेसेज परस्पर वाचले जातात. वाहतूक पोलीस चलानासाठी अशी फाइल पाठवत नाहीत. मेसेजमध्ये लिंक असेल तर तिचा पत्ता पाहा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. नावात ‘ई-चलान’ असून शेवट दुसराच काही असेल तर ती खोटी आहे. शंका आली तर मेसेजला हातही लावू नका, प्रश्न २ मधल्या पद्धतीने स्वतः संकेतस्थळावर जाऊन पाहा.

फाइल बसवून झाली असेल तर मोबाइलचा इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता राहते.

४. मला मेसेजच आला नाही. सहा चलानं एकदम कशी दिसली?

बहुतेक वेळा कारण एकच असतं : आरसीवर नोंदवलेला मोबाइल नंबर जुना, एजंटचा किंवा शोरूमने टाकलेला असतो. मेसेज त्या नंबरवर जात राहतात. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नंबर बदलता येतो. त्यासाठी नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणीची तारीख लागते. तिथे अडलं तर ताराबाई पार्कातल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात जा. घर बदललं असेल तर पत्ताही सुधारून घ्या, कारण समन्स पत्त्यावर येतं.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ सांगतो. वेगमर्यादा आणि धोकादायक चालवण्याबाबत कायद्याच्या कलम २०९ मध्येही सूचनेची मुदत आहे. पण मालकाचं नाव-पत्ता योग्य प्रयत्न करूनही सापडला नाही, किंवा उशिराला आरोपी स्वतःच कारण ठरला, तर त्या मुदतीचा फायदा मिळत नाही. म्हणजे पत्ता जुना ठेवणाऱ्याने ‘सूचना मिळाली नाही’ असं सांगून उपयोग नाही.

५. दंड नेमका किती? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

कारण आकडे तीन ठिकाणी असतात : केंद्राच्या कायद्यात, राज्याच्या तडजोडीच्या अधिसूचनेत आणि कोर्टाच्या आदेशात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राचे आकडे वाढले. महाराष्ट्राने आपले सुधारित दर डिसेंबर २०२१ पासून लावले. काही ठिकाणी ते केंद्रापेक्षा कमी आहेत. नेहमी लागणारे एवढे :

विनाहेल्मेट : ५०० रुपये, शिवाय लायसन्स ३ महिने निलंबित होऊ शकतं. गाडी चालवताना मोबाइल : दुचाकीला १,००० आणि चारचाकीला २,००० रुपये, पुन्हा पकडलं तर १०,००० पर्यंत. विनालायसन्स : ५,००० रुपये. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा ४,००० रुपये. नो-पार्किंगसारखे किरकोळ नियमभंग : पहिल्यांदा ५००, पुन्हा १,५०० रुपये.

हेल्मेटबाबत एक गैरसमज ठाम आहे की मागे बसणाऱ्याला ते लागत नाही. कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं. पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. आयएसआय चिन्ह नसलेली, रस्त्याकडेला मिळणारी टोपीसारखी हेल्मेट कायद्याच्या दृष्टीने हेल्मेट नव्हेत, आणि डोकं आपटल्यावर तर अजिबातच नव्हेत.

६. पैसे भरून मोकळं व्हावं की लढावं?

आधी ठरवा, मग भरा. भरल्यावर ‘पण चूक माझी नव्हती’ हे ऐकून घेतलं जाण्याची शक्यता फार कमी, कारण रक्कम भरणं म्हणजे तडजोड मान्य करणं.

आमचं मत असं : गुन्हा घडलाय, फोटोत दिसतोय आणि रक्कम हजाराच्या आत आहे, तर भरा. कोर्टाच्या एका तारखेला जो कामाचा दिवस जातो त्याची किंमत त्याहून जास्त असते. गाडी तुमची नाही, फोटो तुमचा नाही, किंवा फोटोत गुन्हाच दिसत नाही, तर रक्कम दोनशे असली तरी भरू नका. त्या नोंदीमुळे तोच गुन्हा पुढे झाला तर ‘दुसऱ्यांदा’ म्हणून मोजला जातो आणि दर चढतो. पोट भरायला गाडी चालवणाऱ्यांनी, म्हणजे रिक्षा, टेम्पो, ट्रकवाल्यांनी, लायसन्स निलंबनाची शक्यता असलेलं कुठलंही चलान विचार न करता भरू नये. तिथे पाचशे रुपयांपेक्षा तीन महिन्यांची रोजी मोठी असते.

पैसे खात्यातून गेले आणि चलान अजून ‘अनपेड’ दिसतंय, असंही होतं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, दोन-तीन कामाचे दिवस थांबा. स्थिती बदलली नाही आणि पैसेही परत आले नाहीत, तर व्यवहार क्रमांक देऊन बँकेत आणि ई-चलानाच्या तक्रार विभागात, दोन्हीकडे लेखी कळवा.

७. चलान चुकीचं आहे. तक्रार कशी करायची, कुणाकडे?

पहिली पायरी ऑनलाइन. ई-चलानाच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर तक्रारीची सोय आहे. चलान क्रमांक, गाडी नंबर, कारण आणि पुरावा जोडायचा. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, वाहतूक शाखा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. म्हणून लेखी अर्ज शहर वाहतूक शाखेच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावाने करावा, प्रत अधीक्षकांना. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका. तोंडी सांगून आलात तर काही सांगितल्याचा पुरावा उरत नाही. चलान पुण्यात किंवा साताऱ्यात झालं असेल तर अर्ज त्या भागाच्या वाहतूक शाखेकडे जातो, कोल्हापूरची शाखा ते रद्द करू शकत नाही.

अर्ज एका पानाचा असावा. राग, पोलिसांच्या वागणुकीची कहाणी, शहरातल्या खड्ड्यांची यादी यातलं काही त्यात नको. काय लिहायचं ते चुकीच्या प्रकारावर ठरतं.

नंबर चुकीचा वाचलाय : फोटोतली गाडी आणि तुमची गाडी यांच्यातला फरक सांगा. मॉडेल, रंग, आरसा, स्टिकर. आपल्या गाडीचे पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडा. मराठी आकड्यांच्या, नक्षीदार किंवा अर्धवट पुसलेल्या पाट्यांमुळे कॅमेरा दुसऱ्याचा नंबर वाचतो. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे. ती बसवली की ही भानगड बरीच कमी होते.

कुणी तुमच्याच नंबरची पाटी लावून फिरतोय : हे चलानाच्या तक्रारीपुरतं नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्या गाडीने उद्या अपघात केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. ‘त्या वेळी गाडी इथे होती’ याचे पुरावे, म्हणजे कंपनीच्या गेटची नोंद, सर्व्हिसिंगची पावती, टोलचा फास्टॅग तपशील, आजच गोळा करा. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

गाडी तुमची, पण गुन्हा झालेला नाही : सिग्नल पिवळा होता, पोलिसाने हाताने पुढे जायला सांगितलं, रुग्णवाहिकेला वाट दिली. इथे फोटो एकटा पुरेसा नसतो. आधीचे-नंतरचे फोटो आणि चित्रण मागा. वेगाच्या चलानात यंत्राचं वैध मान्यता प्रमाणपत्र मागता येतं. नियम १६७अ नुसार ते दर वर्षी नूतनीकरण व्हावं लागतं.

उत्तर येईपर्यंत नोटिशीवरची मुदत थांबत नाही. तक्रार मुदतीच्या आत करा, शेवटच्या दिवशी नको.

८. नवरात्रात रस्ता एकेरी केला होता, मला फलक दिसला नाही. तरी चलान?

अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत भवानी मंडप, महाद्वार रोड, ताराबाई रोड या भागांतली वाहतूक वळवली जाते, विसर्जन मिरवणुकीलाही तेच. कलम ११५ नुसार असा बदल एक महिन्यापेक्षा कमी काळासाठी असेल तर राजपत्रात छापावा लागत नाही, पण स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी करावी लागते. म्हणजे वर्तमानपत्रात आदेश आला असेल आणि तोंडाशी बॅरिकेड असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ हे चालत नाही. तुम्ही आत शिरलात त्या बाजूला फलक किंवा बॅरिकेड नव्हतंच, असं असेल तर त्याच दिवशी त्या तोंडाचा फोटो काढा. मांडव उतरल्यावर काढलेल्या फोटोला काही अर्थ राहत नाही. तक्रारीची पद्धत प्रश्न ७ प्रमाणे.

९. गाडी माझ्या नावावर, चालवत होता मेहुणा. दंड कुणी भरायचा?

सिग्नल तोडणं, वेग, मोबाइल हे चालकाचे गुन्हे आहेत. पण कॅमेऱ्याला चालक ओळखता येत नाही, म्हणून चलान मालकाच्या नावे निघतं. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारलं तर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सचा तपशील देणं मालकावर बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटत असेल तर मालकानेच भरणं सोपं. मोठा दंड किंवा लायसन्स निलंबनाचा प्रश्न असेल तर चालकाचं नाव लेखी कळवा.

मेहुण्याकडे लायसन्सच नसेल तर तुमचा वेगळा गुन्हा होतो. कलम १८० खाली विनालायसन्स माणसाला गाडी देणाऱ्या मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे.

१०. गाडी विकून दोन वर्षं झाली, चलानं अजून माझ्याच नावावर येतात.

कारण आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच आहात. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, पैसे घेतले, किल्ली दिली, याने नोंदणी बदलत नाही. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या अपघात-भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे चलानं ही त्यातली छोटी गोष्ट आहे. त्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाईचा दावा तुमच्यावर येईल.

कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. खरेदीदार सापडत असेल तर त्याला आरटीओत घेऊन जा. सापडत नसेल तर विक्रीचा करार, पैसे मिळाल्याचा पुरावा आणि त्याचं आधार जोडून आरटीओला लेखी अर्ज द्या, एक प्रत वाहतूक शाखेला.

घेणाऱ्यांनाही सांगणं आहे : व्यवहाराआधी गाडीवर किती चलानं थकली आहेत ते पाहा. ती मिटेपर्यंत हस्तांतर अडू शकतं.

११. कागदपत्रं मोबाइलवर चालतात का? पोलीस किल्ली काढून घेऊ शकतात का?

डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधली लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी चालतात, त्यांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. गॅलरीतला फोटो किंवा झेरॉक्स त्यात येत नाही. रस्त्यावर रेंज नसेल म्हणून कागद आधीच उघडून ठेवा.

गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं (कलम १३०). किल्ली काढून घेण्याची तरतूद कायद्यात नाही. तरी चौकात त्यावरून हातघाईवर येऊ नका. अधिकाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर टिपा आणि लेखी तक्रार करा. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लागला तर पाचशेच्या चलानापायी जामीन घ्यायची वेळ येते.

१२. लायसन्स जप्त केलं आणि चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर गाडी चालवता येते का?

इथे भले भले फसतात, कारण चिठ्ठ्या दोन प्रकारच्या असतात. एरवी जप्तीची जी पोच मिळते तिच्यावर, त्यात लिहिलेल्या तारखेपर्यंत किंवा लायसन्स परत मिळेपर्यंत, गाडी चालवता येते. पण वेग, धोकादायक चालवणं, दारू, हेल्मेट, ट्रिपल सीट अशा गुन्ह्यांसाठी कलम २०६(४) खाली लायसन्स घेतलं असेल तर ते निलंबनासाठी आरटीओकडे जातं आणि त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. म्हणून चिठ्ठीवरचं कलम आधी वाचा.

निलंबनाआधी आरटीओने तुमचं म्हणणं ऐकायला हवं. ती सुनावणी चुकवू नका. ज्याचा धंदा गाडीवर आहे त्याने तसं लेखी सांगावं. निलंबन चालू असताना गाडी चालवली तर कलम १८२ चा नवा गुन्हा, दंड १०,००० रुपये.

१३. चलान भरलं नाही. लोकअदालतीत निम्म्यात मिटतं म्हणतात, खरं का?

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, शनिवारी भरते. कोल्हापुरात ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. थकलेली चलानं त्यात घेतली जातात आणि अनेकांना आधी मेसेजने नोटीसही येते. सवलत हा मात्र तुमचा हक्क नाही. त्या वेळी शासन आणि पोलीस किती तडजोडीला तयार आहेत, त्यावर ते ठरतं. ‘पन्नास टक्के माफी’ असे फिरणारे मेसेज विश्वासाने पुढे पाठवू नका. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा.

जाताना आरसी, लायसन्स आणि चलानाची छापील यादी न्या. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वाद घालायचा असेल तर ही जागा नव्हे.

१४. समन्स आलंय. कोल्हापुरात नेमकं कुठल्या कोर्टात जायचं?

समन्सच्या डोक्यावर कोर्टाचं नाव असतं, तेच खरं. शहरातली प्रकरणं न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग यांच्यापुढे, कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात चालतात. सीपीआर रुग्णालयासमोरची भाऊसिंगजी रोडवरची जुनी इमारत अनेकांच्या डोक्यात अजून ‘जिल्हा कोर्ट’ म्हणून पक्की आहे. तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. चलानाची तारीख घेऊन तिथे गेलात तर बावड्याला पोचेपर्यंत पुकारा होऊन जाईल. घटना तालुक्यात घडली असेल तर त्या भागाचं कोर्ट लागतं. तुम्ही राहता कुठे, याला महत्त्व नाही.

काही प्रकरणं आभासी न्यायालयात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या ‘व्हर्च्युअल कोर्टा’त जातात. त्याच्या सरकारी संकेतस्थळावर गाडी नंबर किंवा चलान क्रमांक टाकून प्रकरण दिसतं. तिथे दंड भरता येतो किंवा ‘लढायचं आहे’ हा पर्याय निवडता येतो. तो निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं.

१५. कोर्टाच्या दिवशी काय करायचं? पहिल्यांदाच जातोय.

आदल्या रात्री ई-कोर्ट्स अॅपवर केस नंबर किंवा सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून तारीख आणि कोर्ट खोली पाहून ठेवा. न्यायाधीश रजेवर असले की तारीख पुढे गेलेली कळते आणि हेलपाटा वाचतो. समन्स, चलान, लायसन्स, आरसी, घटनेच्या दिवशी चालू असलेला विमा आणि पीयूसी, ओळखपत्र आणि रोख पैसे घ्या. ऑनलाइन भरण्यावर विसंबू नका.

अकराच्या आत पोचा. दाराबाहेरच्या बोर्डावर आपला अनुक्रम पाहा आणि खोलीच्या आसपासच थांबा. चहाला गेलात आणि पुकारा झाला, तर गैरहजर अशी नोंद होते. तसं झालंच तर त्याच दिवशी कोर्ट उठायच्या आत कारकुनाला भेटून अर्ज द्या. आत जाताना मोबाइल बंद.

पुकारा झाला की समोर उभे राहा. न्यायाधीश आरोप सांगून ‘कबूल आहे का’ विचारतील. ‘हो, पण...’ असं उत्तर देऊ नका. कबूल असेल तर ‘कबूल आहे’, आणि मग दंड कमी व्हावा यासाठीची परिस्थिती दोन वाक्यांत : पहिलाच गुन्हा, विमा होता पण कागद जवळ नव्हता, वगैरे. नसेल तर ‘कबूल नाही’. कबुलीनंतर दंड सांगितला जातो, तो भरून पावती घ्या. ती जपून ठेवा. संकेतस्थळावर चलान ‘अनपेड’च राहिलं तर तीच दाखवून ते काढून घ्यावं लागतं.

कबुलीनंतर शिक्षा झाली की दोषावर अपील करता येत नाही, फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा कायदेशीरपणावर करता येतं. म्हणून घाईने ‘कबूल’ म्हणू नका.

‘कबूल नाही’ म्हटलं तर पुरावा देणं पोलिसांचं काम. साक्षीदार येतात, फोटो आणि यंत्राची कागदपत्रं येतात, तुम्हाला उलटतपास घेता येतो. याला तीन-चार तारखा सहज लागतात.

प्रत्येकाला स्वतः जावंच लागतं असंही नाही. कलम २०८ नुसार समन्समध्ये वकिलामार्फत हजर राहण्याची, किंवा ठरावीक तारखेआधी रजिस्टर पत्राने कबुली देऊन सांगितलेली रक्कम पाठवण्याची मुभा दिलेली असू शकते. समन्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वकिलाची गरज किरकोळ चलानात नसते. दारू, अपघात किंवा लायसन्स जाण्याची शक्यता असेल तर घ्या. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

१६. तारीख चुकली आणि वॉरंट निघालं. आता?

पोलीस येण्याची वाट न पाहता वकिलासोबत स्वतः कोर्टात जा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. जामीनपात्र वॉरंटमध्ये जातमुचलका देऊन मोकळं होता येतं, पण थोडा खर्च कोर्ट लावू शकतं. दोन-तीनदा गैरहजर राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं.

१७. दारूच्या केसमध्ये जागेवर दंड भरून सुटता येतं का?

नाही, कोर्टच. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे कलम १८५. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा झालं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. श्वास यंत्राच्या पावतीवरची वेळ आणि आकडा पाहून घ्या. इथे ‘दंड भरू आणि विसरू’ असं म्हणून कबुली देऊ नका. ही फौजदारी शिक्षा आहे, सरकारी नोकरी आणि पासपोर्टच्या चौकशीत तिचा प्रश्न येतो.

१८. मुलगा सोळाचा आहे, क्लासला स्कूटर नेतो. काय होईल?

कलम १९९अ पालकावर किंवा मालकावर येतं : ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. ‘मला न सांगता नेली’ हे पालकाने सिद्ध करायचं असतं. सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या, विनागिअर दुचाकीचं लायसन्स मिळू शकतं. ते घेऊन तशीच गाडी चालवली तर हे कलम लागत नाही. बाजारातली ११० आणि १२५ सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किमीपेक्षा जास्त न धावणारी ई-बाइक नोंदणीतून मोकळी आहे. मात्र दुकानदाराने वेग वाढवून दिला असेल तर ती सवलत संपली.

१९. उसाच्या ट्रॅक्टरवर जास्त भार म्हणून नोटीस आली. किती लागेल?

कलम १९४ : २०,००० रुपये आणि जादाच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. मागे किंवा बाजूला माल बाहेर येत असेल तरी २०,०००. काट्याची पावती मागा, वजन गाडीसकट आहे की मालाचं ते पाहा आणि आरसीवरच्या मंजूर वजनाशी ताडा. आकड्यातला फरक बहुतेक इथेच सापडतो. ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे रिफ्लेक्टर चिखलाने झाकले जातात. रोज भरताना फडकं मारा. रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळण्याचे अपघात त्यामुळे होतात, चलान ही त्यापुढे किरकोळ गोष्ट आहे.

२०. निपाणी-बेळगावात किंवा गोव्यात चलान झालं, महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर दिसत नाही.

दिसणार नाही, ती वेगळी यंत्रणा आहे. केंद्राच्या ‘परिवहन’ ई-चलान संकेतस्थळावर गाडी नंबर टाकून पाहा आणि हाती चिठ्ठी दिली असेल तर तिच्यावर लिहिलेल्या ठिकाणीच भरा. रोख घेतले असतील तर पावती मागून घ्याच. ‘दुसऱ्या राज्याचं, कोण विचारतंय’ असं करू नका, थकबाकी गाडीच्या हस्तांतराच्या वेळी आडवी येऊ शकते.

२१. चलान तीन वर्षं जुनं आहे. सहा महिन्यांत रद्द होतं ना?

अर्धं खरं आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला मुदत एक वर्षाची. ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण उशिराचं कारण पटलं तर कोर्ट मुदत माफ करू शकतं, आणि मुदत संपली म्हणून संकेतस्थळावरची नोंद आपोआप पुसली जात नाही. तोवर हस्तांतर अडतं ते अडतंच.

यादी काढून प्रत्येक चलानाचं कलम आणि तारीख लिहा. आभासी न्यायालयात किंवा ई-कोर्ट्सवर त्यातलं कुठलं प्रकरण मुदतीत दाखल झालं होतं का ते तपासा. दाखल झालेलं असेल तर हा मुद्दा संपला. झालेलं नसेल तर वाहतूक शाखेला लेखी अर्ज द्या, आणि समन्स आलंच तर हा मुद्दा कबुली देण्याआधी, पहिल्याच तारखेला मांडा.